सतरा नंबर

"काल सुटीच्या दिवशी या यंत्राचा दांडा कुणी ओढला?" फौजदारानं विचारलं, आणि रांगेतली राहीबाई शेजारणीच्या आड सरकली.

सोमवारची सकाळ होती. सांगलीच्या त्या गिरणीतले साठ-सत्तर कामगार अंगणात रांगेनं उभे होते आणि समोर भिंतीशी ते कपाटाएवढं लोखंडी यंत्र. लढाई चालू होती, गिरणीत पलटणीच्या तंबूंचं कापड निघत होतं. भाकरीच्या गठुड्यातून कुणी बॉम्ब आणेल, या धास्तीनं पोलिसांनी शिदोरी फाटकावरच बंद करून टाकली होती. मग मालकानं मिरज स्टेशनावरचं वजनाचं यंत्र पाहून हे करवून घेतलं. सकाळी प्रत्येकाला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला मिळायचा. दुपारी तो फटीत टाकून दांडा ओढला, की खाली गूळदाण्याची पुडी पडायची. "भाकरीच्या पोटाला चिमणीचा चारा," असं म्हणून बायका नाकं मुरडायच्या, पण दुपारी रांगेत पहिल्या त्याच असायच्या.

पहारेकरी गुंडा पुढं आला. "साहेब, काल दुपारी मी फाटकावर व्हतो. आत चिटपाखरू न्हाई, आन् दांडा खडखडला. दोनदा! मला वाटलं मुंजा हाय."

गुंडा सहा फुटी गडी, पण मुंज्याच्या नावानं त्यानं आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. एरवी सगळी गिरणी त्याला हसली असती. आज कुणी हसलं नाही.

दोनदा? राहीबाई चक्रावली. तिनं तर एकच बिल्ला दिला होता.

तिचा धाकटा भाऊ अर्जुना कुंडलजवळ इंग्रजांच्या तारायंत्राच्या तारा तोडून पळाला होता. गुरुवारी तो गिरणीच्या अंगणाकडेच्या सुताच्या गोदामात येऊन दडला. "कुलूप उघडंच व्हतं, आक्का," तो म्हणाला होता. शनिवारी राहीबाई स्वतः उपाशी राहिली आणि आपला सतरा नंबर तिनं गोदामाच्या दाराखालून आत सरकवला. सुटीच्या दिवशी तेवढाच भावाच्या पोटाला आधार.

आज मात्र त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कामावर येताच तिनं ते पाहिलं होतं. अर्जुना आत कोंडला गेला होता. आणि गिरणीच्या किल्ल्या होत्या तात्यांच्या कमरेला.

तात्या म्हणजे हजेरी घेणारे कारकून. काळा कोट, तोंडात चार शब्द, आणि फौजदाराबरोबर रोजचा चहा. तात्या पोलिसांना बातम्या पुरवतात, असं निम्मी गिरणी कुजबुजायची. उरलेली निम्मी त्यांच्या भीतीनं कुजबुजतही नव्हती.

"शनिवारी संध्याकाळी बिल्ले काढलेत ना?" फौजदारानं तात्यांना विचारलं. "मग आता आत जो निघेल तो कालचाच. उघडा. ज्याचा नंबर, त्याच्या हातात बेडी. पुढचं त्याच्याकडूनच वदवून घेऊ."

राहीबाईला बेडीचं काही वाटत नव्हतं. नवरा पलटणीत होता, मागं रडायला कुणी नव्हतं. पण मार पडल्यावर आपलं तोंड बंद राहील का? तिची भीती तेवढीच होती. भाऊ वीस पावलांवर होता.

दाण्यांच्या खणाची किल्ली मालकाकडे असे, बिल्ल्यांच्या खणाची तात्यांकडे. तात्या यंत्रापुढं गुडघे टेकून बसले. आत खण्णकन आवाज झाला. ते उठले, त्यांनी मूठ उघडली. राहीबाईनं डोळे मिटून घेतले.

"एक नंबर," तात्या म्हणाले. "माझाच."

"तुमचा?"

"काल मागच्या दारानं आलो होतो, हजेरीचं काम होतं. भूक लागली. दांडा अडकला, परत ओढला."

फौजदारानं वाकून खणात हात घातला. खण रिकामा होता. मग त्याची नजर गोदामाकडं गेली.

"आणि ते?"

"शनिवारपासून कुलूपबंद आहे. उघडू?" तात्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढं धरला.

राहीबाईला वाटलं, आपण आता किंचाळणार. फौजदारानं कुलूप लांबूनच पाहिलं, जुडग्याकडं पाहिलं, मग गुंडाकडं. "मुंजा म्हणे!" असं पुटपुटत तो शिपायांना घेऊन फाटकाबाहेर पडला.

रोजच्यासारखे बिल्ले वाटत तात्या तिच्यापर्यंत आले. कोटाच्या बाहीतून काहीतरी घसरलं आणि तिच्या तळव्यावर पडलं. सतरा नंबर. ऊन ऊन. ती कुजबुजली,

"आवं तात्या, माज्यापायी तुमी खोटं बोलला."

"नंबर खरा सांगितला, राहीबाई. माझा एक नंबर आतच होता, तुमच्या सतराच्या खाली. तो मीच त्याला दिला होता." तात्यांनी आपलाही बिल्ला हळूच तिच्या मुठीत सरकवला. "आणि गुरुवारी गोदामाचं कुलूप काय आपोआप उघडं राहिलं होतं?"