जावयाचा हात

सुतोपोंनी उजवा हात आधीच बुटक्या टेबलावर ठेवला होता. तळवा वर, बोटं जमतील तेवढी उघडी. समोर होणारा जावई गिलांग नवी टोपी घालून मांडी ठोकून बसला होता, घामाघूम. आता त्याचा हात या हातात यायचा आणि मग लग्न लावायचं ते वाक्य, एका दमात. पण आला तो काझींचा, पेंगुलूंचा हात.

"बापा," लग्न लावायला आलेले पेंगुलू हळूच म्हणाले, "मुलीचा बाप म्हणून लग्न लावायचा तुमचा अधिकार माझ्याकडे सोपवताय ना? तेवढं बोला, पुढचं मी बघतो."

सुतोपोंनी बायकोकडे पाहिलं. सुमियातीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. तो सारखाच होता.

"ठरलंय तसं," ती कानाशी वाकून म्हणाली.

"कुणाचं?" जीभ अजून जड होती, पण शब्द स्वच्छ होता.

"आता इथे शोभा नको. चारचौघांत अडखळलात, तर पोरीचं लग्न राहील बाजूला आणि लोक तुमचीच गोष्ट चघळत बसतील. मी लेस्तारीताईंना विचारलं. त्याच म्हणाल्या, जोखीम नको."

लेस्तारी तिसऱ्या रांगेत बसली होती, चहाचा ग्लास मांडीवर धरून. रुग्णालयात अर्धांगाच्या रोग्यांना व्यायाम द्यायचं तिचं काम. उपचार कसे करावेत याचं नवं पुस्तक वरून आलं, तेव्हा बाकीच्यांनी ते नमस्कार करून कपाटात ठेवलं. ही एकटी ते वाचून सुतोपोंच्या खाटेशी येऊन बसली. "व्यायामाचं नंतर बघू. बापा, आधी सांगा, तुम्हाला काय करायचंय?" इतके डॉक्टर झाले, हे कुणी विचारलंच नव्हतं. जन्मभर पक्ष्यांचे पिंजरे बनवलेला माणूस; तिला वाटलं, पिंजरे म्हणतील. ते म्हणाले, "वेनिंगचं लग्न मी लावणार. जावयाचा हात धरून. मी स्वतः."

मग तिने त्यांच्या धडधाकट डाव्या हातावर मोजा चढवला आणि मनगटाशी गाठ मारली. "घरात असेपर्यंत हा बंद. सांडू दे, फुटू दे, सगळं उजव्यानेच. लग्नात जावयापुढे डावा हात करून त्याचा अपमान करायचाय का?" भात सांडला, चहा सांडला, शेजारची पोरं फिदीफिदी हसली. लग्नाचं वाक्य ते ओसरीवरच्या पिंजऱ्यातल्या होल्याला म्हणून दाखवत, श्वास न तोडता, पुन्हा पुन्हा. त्या बिचाऱ्या होल्याची किती लग्नं लागली, देव जाणे.

रोग्याच्या घरच्यांशी बोलावं, असंही त्याच पुस्तकात होतं. लेस्तारी बोलली. फक्त ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्या पाठीमागे बोलली. आशा लावायची एकाला आणि कौल द्यायचा दुसऱ्याला, याला उपचार म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

सुतोपोंनी तिच्याकडे पाहिलं. ती ग्लासातल्या चहाकडे बघत होती. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. वेनिंग गिलांगच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. सगळ्याच नवऱ्या तशा बसतात, पण बापाला लेकीची मान कळते. तिलाही माहीत होतं.

भरल्या मांडवात लेकीचं कार्य अडवणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी पेंगुलूंचा हात धरला.

"मी, सुतोपो, वेनिंगचा बाप आणि वली, माझ्या या लेकीचा निकाह गिलांगशी लावून द्यायचा माझा अधिकार आज सर्वांसमक्ष, राजीखुशीने, आपल्या हाती सोपवतो."

कुठेही श्वास तुटला नाही. लग्न लावायच्या वाक्यापेक्षा हे वाक्य लांब होतं, आणि हे कुणी त्यांना शिकवलेलंही नव्हतं. 'राजीखुशीने' म्हणताना तेवढा आवाज हलला, पण तो काही आजारामुळे नाही.

पेंगुलू आपली बोटं सोडवून घेत हसले. "पकड भक्कम आहे की हो तुमची! मग तुम्हीच का नाही लावत?"

"ठरलंय, ठरलंय," सुमियाती घाईने म्हणाली. "वेळ होतोय."

पेंगुलूंनी गिलांगचा हात हातात घेतला. वाक्य झालं, गिलांगचं उत्तर झालं, साक्षीदार "साह! साह!" म्हणत लग्न मान्य झाल्याचं ओरडले आणि मांडवभर दुआ सुरू झाली. वेनिंग दुसऱ्याच्या शब्दाने गिलांगची झाली. बापाचा हात टेबलावर तसाच उघडा होता.

मग पाहुणे एकेक करून वधूपित्याच्या हातात हात द्यायला आले. सुतोपोंनी प्रत्येकाला उजवा हात दिला. "अरे वा, बापा, हात तर अगदी पहिल्यासारखा झाला!" असं ज्याने त्याने म्हटलं. एकाने तर विचारलंही, "कुणाकडे दाखवलंत?"

लेस्तारी सगळ्यांत शेवटी आली. गुडघे टेकून तिने दोन्ही हात पुढे केले.

"बापा, रागावू नका. त्यांनी विचारलं, नक्की जमेल का? नक्की असं मी कसं सांगणार?"

"मला विचारायचंस," सुतोपो म्हणाले. "पहिल्या दिवशी विचारलं होतंस तसं."

हात तिने पुढेच धरले होते. पाहुणे जेवणाकडे वळता वळता थांबले होते.

सुतोपोंनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे डावा हात केला. त्याच्या मनगटावर मोज्याच्या गाठीचा वळ अजून ताजा होता.