चौथी प्रत

"काका, या कागदाला भोकं कशी पडलीत?" संग्रह विभागातल्या बाईंनी एक पिवळा पडलेला कागद उजेडासमोर धरला. प्रत्येक पूर्णविरामाच्या जागी टाचणीएवढं भोक होतं.

"मशीन नवीन होतं," म्हातारा टायपिस्ट म्हणाला. "बटणं जड होती."

बाईंनी मान डोलावली, गंजलेली टाचणी काढली आणि कागद फोल्डरमध्ये ठेवला. टायपिस्टच्या पाचावर धारण बसली होती. गुडघा चोळायचं निमित्त करून तो खाली बघत राहिला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात सरांचे कागद सत्तावीस खोक्यांतून आले होते. सर इतिहास शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ कोठडीत मेलेल्यांच्या, घरातून उचलून नेलेल्यांच्या मागे घालवायचे. साक्षीदारांचे जबाब टाइप करायला टायपिस्ट त्यांच्याकडे सत्तावीस वर्षं होता. सर गेल्यावर तो आपणहून इथे आला. अक्षरं ओळखायला मदत करतो म्हणाला. बाईंना वाटलं, निष्ठा असावी तर अशी. निष्ठा कसली, चोराच्या मनात चांदणं.

बाईंचे नियम कडक होते. चिठोरंसुद्धा फेकायचं नाही. खोक्यातला क्रम बदलायचा नाही. प्रत्येक वस्तू यादीत चढवायची आणि ती कशासाठी होती, याची पुढे एक ओळ लिहायची. मरायच्या आधी सरांनी अर्जांवर अर्ज करून स्वतःवरची पोलिसांची फाइल मिळवली होती. ती कुठल्या तरी खोक्यात होती आणि तिच्यात खबऱ्याचं नाव असणार होतं. बाईंच्या आधी ती आपल्या हाती लागावी, एवढ्यासाठी त्याचा हा खटाटोप चालला होता.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ भुरट्या चोरीत अडकून कोठडीत गेला. तिथले साहेब म्हणाले, "तीन प्रती काढतोस ना? चौथी आमच्यासाठी काढ. भाऊ बाहेर राहील." तीन कार्बनांखालच्या कागदावर अक्षर उमटवायचं तर बटण हाणावं लागतं. त्यानं हाणलं. अशी चौथी प्रत निघालेला पहिला जबाब इस्पितळातल्या एका सफाई कामगाराचा होता. कोठडीतून आलेल्या प्रेतावरचे वळ त्यानं पाहिले होते. तिसऱ्या दिवशी तो माणूस कामावर आला नाही. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

भाऊ सुटला. साहेब निवृत्त होईपर्यंत चौथ्या प्रती जात राहिल्या, आज एखादं पत्र, उद्या एखादं पत्रक. पण पुन्हा एकही साक्षीदार नाहीसा झाला नाही. या एका गोष्टीच्या आधारावर टायपिस्टनं उरलेला जन्म रेटला होता. माझ्या कागदांनी माणसं मरत असती तर बाकीचीही मेली असती. सफाई कामगार गेला असेल कुठेतरी. जातात माणसं.

तेविसाव्या खोक्यात फाइल निघाली. बाई वर फोन घ्यायला गेल्या होत्या. त्यानं घाईघाईनं पानं उलटली. जिथे जिथे नाव होतं, तिथे तिथे काळी पट्टी फासलेली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

शेवटचं खोकं हलकं होतं. बाईंनी ते उघडलं आणि त्या हसल्या. आत पाकिटंच पाकिटं होती आणि पाकिटांत पोस्टाची कोरी तिकिटं. एकही वापरलेलं नव्हतं.

"सरांना तिकिटं जमवायचा नाद होता?"

"छे, विसराळूपणा." त्याला आता मोकळं बोलवत होतं. "कुणी नवखं माणूस येऊन बसलं, की सरांना हटकून आठवायचं. 'जरा पोस्टात जाऊन या, तिकिटं संपलीत.' पोस्ट लांब, त्यात रांग. दीड तास मोडायचा. परत आलो की पाकीट घ्यायचे आणि विचारायचे, 'भाऊ ठीक आहे ना?' मायेचा माणूस हो."

बाई पाकिटं उलटून बघत होत्या. "यांवर सरांच्या अक्षरात तारखा आहेत." त्यांनी यादी ओढली आणि बोट फिरवलं. "या तारखांना साक्षीदारांचे जबाब झालेत. पण हे टाइप केलेले नाहीत, सरांनी हातानं लिहिलेत. ही नावं ओळखीची आहेत का तुमच्या?"

त्यानं यादी वाचली. एकही नाव त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

"पहिलं पाकीट कधीचं आहे?" त्यानं विचारलं.

बाईंनी तारीख वाचली. सफाई कामगार नाहीसा झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

टायपिस्टनं ते पाकीट हातात घेतलं. भाऊ कोठडीत होता, हे त्यानं सरांना कधीच सांगितलं नव्हतं. त्याला कामावरून काढलं असतं तर भाऊ पुन्हा आत गेला असता. सरांनी त्याला काढलं नाही. पोस्टात पाठवलं, पंचवीस वर्षं.

बाईंनी पेन उघडलं. "मग विसरून परत परत मागवली, असं लिहू? कशासाठी होती, तेवढी एक ओळ पाहिजे."

होय म्हटलं की झालं. नावावर काळी पट्टी होतीच. त्यानं तो पिवळा कागद ठेवलेलं फोल्डर ओढलं आणि उघडून आत हात ठेवला. त्या कागदाची भोकं बोटांना लागली.

"नाही," तो म्हणाला. "लिहा, टायपिस्टला बाहेर पाठवण्यासाठी."