तिसरा कॉलर-माईक

मुलांनो, समजा तुम्ही टीव्हीच्या स्टुडिओत आहात. दहा मिनिटांत एका मुलीची पहिलीवहिली मुलाखत आहे. तिथे आवाजाचं काम बघणारी तिची मावशी भाचीच्या कॉलरला एकेक माईक लावून पाहते आहे. पहिला कपड्याला घासून खरखरला. दुसऱ्यातून आवाज डब्यातून आल्यासारखा आला. तिसरा मात्र छान लागला.

“किती धापा टाकतेस गं!” हेडफोन कानाशी दाबत मावशी म्हणाली. “श्वास रोख बघू जरा.”

भाचीने गाल फुगवून श्वास रोखला. हेडफोनमधला श्वास चालूच राहिला.

मावशीने खोलीभर पाहिलं. दोघींशिवाय कोणीच नव्हतं.

“मला तर काही कळेनासंच झालंय. तूच ऐक.”

भाचीने हेडफोन लावला, लक्ष देऊन ऐकलं आणि खुर्चीत थोडं सरकून शेजारी जागा करून दिली.