दोन रेघा

“डबा जुनाच ठेवा,” ती म्हणाली. “आतलं काय ते बदला. बाहेरून ओळखू येता कामा नये.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. औषधांच्या गोदामाच्या फाटकासमोर त्याचं बॅटरीच्या सायकलींचं दुकान होतं. दुप्पट चालणारी बॅटरी बसवली की माणूस आधी साऱ्या गल्लीला दाखवून येतो, हा त्याचा रोजचा अनुभव.

“ताई, लोक मिरवतात. तुम्ही तर चोरीचा माल लपवल्यासारखं सांगताय.”

ती हसली नाही, तशी त्यानेही थट्टा सोडली. सेल नव्या जातीचे घालतो, डबा तोच, किल्ली तीच, एका चार्जिंगमध्ये दुप्पट लांब जाल, असं त्याने समजावलं. भरायला मात्र वेळ लागेल. रात्रभर लावलेलीच असते, असं सांगून ती बाटल्यांना लेबलं लावायला फाटकातून आत गेली.

तिचा नवरा शांत माणूस. त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. संध्याकाळी तो तिच्यानंतर घरी यायचा, आणि आला की बूटही न काढता आधी जिन्याखाली जायचा. तिच्या सायकलीची बॅटरी काढून वर आणायचा आणि आपल्या उशाशी चार्जिंगला लावायचा. तुला जड होतं, म्हणायचा. शेजारणींना त्याचं कोण कौतुक. बॅटरीच्या अंगावर पाच हिरव्या रेघा होत्या. गोदामाला जाऊन येण्यात दोन जायच्या, तीन उरायच्या. त्या तीन बघितल्या की मग तो बूट काढायचा.

मागे एकदा एकच उरली होती. पुलापलीकडे आईला भेटून आली होती ती. लग्नातल्या भांडणापासून त्या घराचं नावही या घरात निघत नव्हतं, आणि आईचे गुडघे काही तिला पूल ओलांडू देत नव्हते. नवरा ओरडला नाही. “दोन रेघा कुठे सांडल्या?” एवढंच त्याने विचारलं. पुढे महिनाभर बॅटरी कपाटात राहिली. तिला गोदामाला पोचवायला आणि आणायला तो स्वतः येत होता.

दुप्पट बॅटरीत आईकडे जाऊन आलं तरी दोनच रेघा जाणार होत्या. तेवढ्यासाठी तर हा खटाटोप.

काम सुटल्यावर मिस्त्रीने बॅटरी तिच्या हातात दिली. तुमच्यासाठी काठोकाठ भरून ठेवली, म्हणाला. ती हरखली. आज उशीर झाला, उद्यापासून आई, असं घोकत ती थेट घरी आली.

नवरा जिन्याखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा बॅटरी त्याच्या छातीशी होती.

“पाच आहेत,” तो म्हणाला. “आज गेली नाहीस कामाला?”

“गेले होते की. वारा पाठीशी होता.”

“जाताना, की येताना?”

ती ताटं घ्यायला वळली. जेवताना त्याने भाजीची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने तिला हाक मारली. घरून फोन होता, बाई जागेवर आहेत का विचारत होते. फार जीव दिसतो साहेबांचा तुमच्यावर, असं म्हणून तो गालात हसला.

रेघा कमी उरल्या तर पंचाईत, हे तिला ठाऊक होतं. जास्त उरल्या तरी पंचाईतच, आणि थेट घरी गेलं तर आता चार उरणार होत्या. त्या संध्याकाळी ती पुलावरून गेली. आईच्या कुशीत घटकाभर बसली आणि परतली. तीन रेघा पाहून नवऱ्याने बूट काढले.

मग ती रोजच जाऊ लागली. आईने आधी डोळे भरून पाहिलं, तिचे केस विंचरले, डोक्यावर तेल थापलं. चार-सहा दिवस गेले आणि आईचे हात मंदावले.

“खरं सांग, तिकडे काही झालंय का?”

काही नाही म्हटलं तरी आईला पटेना. लेक रोज दारात म्हटल्यावर शेजारच्या बायका विचारू लागल्या होत्या. आई त्यांना काय काय सांगणार?

“मला काय तू नको झालीयेस? पण रोज नको येत जाऊस, बाई. तुझ्या संसाराला बरं दिसत नाही. आता आठ-पंधरा दिवसांनी ये.”

तिने मान हलवली. रेघांचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती पुलाकडे वळली नाही. गोदामाच्या मागे ट्रक उभे करायचं मैदान होतं, संध्याकाळी ओकंबोकं असायचं. तिथे तिने सायकल घातली आणि भिंतीच्या कडेकडेने फिरवायला सुरुवात केली. पायडल न मारता, नुसत्या बॅटरीवर. मैदान संपलं की वळायचं, भिंत आली की पुन्हा वळायचं.

स्टुलावर बसलेला म्हातारा राखणदार बराच वेळ बघत होता. शेवटी उठून जवळ आला.

“काही हरवलंय का, पोरी?”

तिने सायकल थांबवली आणि वाकून बॅटरीकडे पाहिलं. चार रेघा अजून हिरव्यागार होत्या.

“नाही, काका,” ती म्हणाली. “एक जायची राहिलीय.”

राखणदार बाजूला झाला. धुळीत तिच्याच चाकांची चाकोरी पडली होती, तिने सायकल पुन्हा तिच्यावर घातली.