सिलिकॉन कुणाचं?

यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात सिलिकॉनचं शिखर पुन्हा उभं राहिलं आणि निर्मळरावांनी मान न वळवताच आपल्या सहायिकेला विचारलं, की आज केसांना काय लावलंय.

तिने काहीच लावलं नव्हतं. असल्या गोष्टींत सिलिकॉन असतं म्हणून महिनाभरात तिने शाम्पू बदलला, साबण बदलला, हातांचं क्रीम सोडलं. बोटांना भेगा पडल्या, पण शिखर तसूभर हललं नाही.

निर्मळराव हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं पाठीमागे घेतलं जाणारं टोपणनाव. त्यांचं यंत्रही त्यांच्यासारखंच. नमुन्यावर क्ष-किरण पडले की अणूंमधून इलेक्ट्रॉन उडायचे, आणि कोण किती जोरात उडाला यावरून तो कुठल्या मूलद्रव्याचा ते कळायचं. खोलातले इलेक्ट्रॉन वाटेतच अडकायचे. सुटायचे ते अगदी वरच्या पापुद्र्यातले. त्यामुळे नमुन्याला कुणाचं काय लागलंय, याची चुगली यंत्र आधी करायचं. नमुने ती कापायची, धुवायची. यंत्रात ठेवायचे मात्र निर्मळरावांनीच. अठरा वर्षांत त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. तेव्हा दोष कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. सोमवारपासून तिने फायली सांभाळाव्यात, असं ठरूनही गेलं.

शुक्रवारी तिने एक विनंती केली. सोन्याच्या पत्र्याचे तीन स्वच्छ तुकडे घ्यायचे. एकाला कुणी शिवायचं नाही, एकाला ती हातमोज्याचं बोट लावणार, एकाला सर. निर्मळराव हसून हो म्हणाले. चोराने आपणहून झडती मागावी, तसं त्यांना वाटलं. तुकडे ठेवायला तिने यंत्राच्या मिस्त्रीला बोलावलं. तो ठेवत होता तेवढा वेळ सर पाठ फिरवून उभे राहिले. त्यांना ते बघवेना.

पहिला तुकडा साफ निघाला. तिचाही साफ. तिसऱ्यावर सिलिकॉन असं काही उभं ठाकलं, की मिस्त्रीला एकदम खोकला आला आणि तो बाहेर निघून गेला.

निर्मळरावांनी खिशातून क्रीमची ट्यूब काढली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. सिलिकॉन होतं. रोज सकाळी लावतो, म्हणाले. हातमोजे चढवताना बाहेरून लागत असणार. तिच्या भेगाळलेल्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी माफी मागितली.

ट्यूब आता कचऱ्यात जाणार, असं तिला वाटलं. ती परत खिशात गेली. सोमवारपासून नमुने तूच ठेवायचेस, असं सर म्हणाले.

"सर, त्यापेक्षा क्रीम सोडलंत तरी भागेल की."

निर्मळराव आपल्या तळहातांकडे बघत होते.

"महिना झाला, शाळेत जाताना नात माझा हात धरते," ते म्हणाले. "आधी हात खरखरीत लागतो म्हणून बाही धरायची."