वाकडा पाना

चेंबर अडत होतं. साखळीवर टांगलेलं ट्रकचं इंजिन बसच्या तोंडात नीट उतरलं, पण त्याच्या बुडाचं तेलाचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकलं आणि तिथंच अडलं. नत्थुजी मिस्त्रीने इंजिन पुन्हा वर घेतलं. आता चेंबर खोलून दुसरं बसवल्याशिवाय सुटका नव्हती.

बाहेर कडुनिंबाखाली बसच्या काढलेल्या सीटा ओळीने ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर कौशल्या बसली होती, सहदेवची बायको. सहदेव दिवाळीआधी गेला. त्याचा ट्रक गंजून भंगारात निघाला, इंजिन तेवढं तिने ठेवलं. मग शाळेची एक जुनी बस घेतली. तिच्यात ओटा-शेगडी टाकून चिखलदऱ्याच्या रस्त्यावर चालती खानावळ काढायची, असं तिच्या मनात होतं. बसचं स्वतःचं इंजिन जाम. म्हणून बस टोचन करून आणि हे इंजिन टेम्पोत घालून ती अमरावतीहून थेट अकोल्याला आली होती. अमरावतीत मिस्त्र्यांचा दुष्काळ पडला होता की काय, देव जाणे. नत्थुजीने विचारलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी या गॅरेजच्या पाटीवर दोन नावं होती. नत्थुजी आणि सहदेव एका डब्यात जेवत. मग याच ट्रकचं इंजिन दोघांनी मिळून खोललं, भरलं, आणि त्याच दिवशी नत्थुजीचा वाकडा पाना हरवला. लोहाराच्या भट्टीत तापवून त्याने स्वतः वाकवलेला, दांड्यावर 'न' ठोकलेला. ज्या बोल्टपर्यंत कोणाचा हात जात नसे तिथे तो पाना जाई, आणि त्याच्या जोरावर गॅरेजचं नाव होतं. आठ दिवसांनी कोणीतरी सांगितलं, पलीकडच्या मिस्त्रीकडे तसलाच पाना पाहिला. नत्थुजी हलक्या कानाचा. शहानिशा न करता भर नाक्यावर, चार लोकांत, त्याने सहदेवला चोर म्हटलं. सहदेवने हात पुसले आणि तो निघून गेला. पुढे त्याने हाच ट्रक चालवायला धरला, मग विकतच घेतला.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा नत्थुजी एक गिअरबॉक्स भरत होता. त्याने गिअरबॉक्स पुरता भरला, हात धुतले, घरी जाऊन जेवला. मातीला गेला नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंही त्याला काही वाटलं नाही.

चेंबरचे बोल्ट सुटले. काळं तेल डब्यात उतरलं. चेंबर खाली घेऊन त्याने इंजिनाच्या पोटात पाहिलं. तेल ओढणाऱ्या नळीला चिकटून काहीतरी होतं. त्याने चिंधीने पुसलं. 'न' दिसला.

सहदेव चोर नव्हता. इंजिन भरताना पाना आपल्याच हातून आत राहिला. सगळं कळलं, वाटलं मात्र काही नाही. त्याने बाहेर नजर टाकली. कौशल्या पदराने वारा घेत होती. पाना खिशात टाकला की झालं, कोणाला कळतंय? त्याने पाना ओढला.

निघाला नाही.

पाना नळीला बांधलेला होता. तांब्याची तार, तीन वेढे, आणि तारेचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे पुढे ज्याचा हात लागेल त्याला ओरखडा नको. अशी तार सगळ्या अकोल्यात एकच माणूस बांधत असे.

नत्थुजी होता तिथेच, सांडलेल्या तेलात बसला. मग इतक्या वर्षांची लाज एकदम अंगावर आली.

"वहिनी," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडातून अठरा वर्षांनी निघत होता. "सहदेवले हा पाना कवा सापडला?"

कौशल्या जागची उठली नाही. जणू याच प्रश्नाची ती सकाळपासून वाट पाहत होती.

"दहा वर्सं झाले. घरीच इंजिन खोललं तवा. मी म्हटलं, नेऊन फेका त्याच्या तोंडावर. त म्हने, 'राहू दे. कधी खोलायचं काम पडलं त नत्थूकडूनच खोलून घेजो, त्याचा त्याले सापडन. मी नेऊन देल्ला त चार लोकांत त्याची मान खाली जाईन.'"