राजाबाईंना न पटलेलं

बदलापूरच्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एखाद्या विज्ञानपटावर चर्चा होते. या वेळच्या सिनेमात एक बाई यंत्रात बसून भविष्यातून तीन तास मागे येते, पूर येणार असं सांगत गावभर फिरते आणि अख्खं गाव टेकडीवर जाऊन वाचतं.

मी फळ्यावर ऊर्जेचं गणित मांडलं आणि दाखवलं, की त्या यंत्राच्या ऊर्जेत माणूस काय, मुंगीसुद्धा काळात मागे जाणार नाही.

"सिनेमा आहे गं, बारावीचा पेपर तपासतेयस का?" आमच्या गटातला उन्मेष म्हणाला, तसे सगळे हसले.

मागच्या खुर्चीत राजाबाई बसल्या होत्या. त्या वाचनालयाची झाडलोट करतात. गेल्या वर्षीच्या पुरात त्यांचा मुलगा जितेश वाहून गेला, तेव्हापासून काम संपलं तरी त्या लगेच घरी जात नाहीत.

"मावशी, तुम्हाला तरी पटलं का ते यंत्र?" उन्मेषने विचारलं.

"यंत्र काय, असंल बाबा," त्या म्हणाल्या. "पण तिनं सांगितलं आन् लोकं लगेच उठली, ते नाय पटलं. त्या दिवशी नदीच्या पाण्याला डोंगराच्या मातीचा वास यायला लागला, तेव्हाच मी जितेशला म्हटलं, म्हशी सोड आन् वर चल. दोनदा म्हटलं. मग नातीला कडेवर घेऊन मी निघाले."

"आणि जितेश?" मी विचारलं.



"त्यानं मोबाइल बघितला. म्हणाला, अजून पुराचा काही मेसेज आला नाय, आई."